घरावर सोलर बसवताना कोटेशनची तुलना कशी करायची? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडच्या आमच्या घरावर सोलर बसवण्याआधी मी सहा जणांकडून कोटेशन घेतली होती. सहाही कागद जेवणाच्या टेबलावर मांडले, तेव्हा लक्षात आलं की एकाचाही दुसऱ्याशी मेळ बसत नाही. कुणी सबसिडी वजा करून आकडा लिहिला होता, कुणी जीएसटी धरलाच नव्हता, तर एकाने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ‘३ केव्ही – १.७०’ (म्हणजे ३ किलोवॅट, १.७० लाख) एवढंच खरडलं होतं. शेवटी वहीत रकाने पाडून सगळं नव्याने उतरवून काढलं. तेव्हापासून गल्लीतले, ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक विचारायला येतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न इथे आहेत. आकडे महाराष्ट्रातले, म्हणजे मुख्यतः महावितरणच्या घरगुती ग्राहकांना लागू पडतील असे.

तेच ३ किलोवॅट, एक जण दीड लाख म्हणतो, दुसरा सव्वादोन. लुबाडतंय कोण?

बहुतेक वेळा कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या वस्तू विकत असतात, नाव तेवढं एकच असतं. ‘३ किलोवॅट’ म्हणजे गच्चीवर पॅनेल किती, कोणते, कशावर उभे, वायर कसली आणि अर्थिंग किती, यातलं त्या दोन शब्दांतून काहीही कळत नाही. पॅनेलच्या भावात दोन व्यावसायिकांमध्ये फार तफावत नसते, कारण दोघंही माल बहुधा त्याच वितरकांकडून उचलतात. फरक पडतो तो स्ट्रक्चर (पॅनेल ज्यावर उभे करतात तो लोखंडी सांगाडा), केबल, अर्थिंग आणि नंतरची सेवा यांत. म्हणजे ज्या गोष्टींकडे गिऱ्हाईक बघत नाही, नेमक्या त्यांच्यात.

मग तुलना करायची कशी? एक उदाहरण द्या.

आधी तीन गोष्टी सरळ करून घ्यायच्या. पॅनेलची संख्या गुणिले एका पॅनेलचे वॅट, म्हणजे खरी क्षमता. किंमत करासह. आणि सबसिडी वजा करण्याआधीची. मग किमतीला क्षमतेने भागायचं.

समजा, तीन कोटेशन आली आहेत.

पहिलं: १,६५,००० रुपये. सगळ्यांत स्वस्त. पण खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ आणि पॅनेल ५४० वॅटचे ५. म्हणजे क्षमता २.७ किलोवॅट, तीन नव्हेच. कर ८.९ टक्के धरला की किंमत १,७९,६८५ होते आणि किलोवॅटमागे सुमारे ६६,५५० पडतात.

दुसरं: १,९५,००० रुपये, सगळं धरून. पॅनेल ५४० चे ६, म्हणजे ३.२४ किलोवॅट. किलोवॅटमागे सुमारे ६०,१८५.

तिसरं: ‘फक्त १,१२,०००!’ हा सबसिडीनंतरचा आकडा. त्यात ७८,००० परत मिळवले की १,९०,००० होतात. पॅनेल दुसऱ्याइतकेच. पण उंच स्ट्रक्चरचे १५,००० आणि मीटर, कागदपत्रं, किरकोळ मिळून ५,००० वेगळे. एकूण २,१०,०००, किलोवॅटमागे सुमारे ६४,८१५.

कागदावर जे सगळ्यांत महाग दिसत होतं, तेच सगळ्यांत स्वस्त निघालं. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण असा उलटा हिशोब मी ओळखीच्या तीन घरांत तरी पाहिलाय.

सबसिडी नक्की किती? आणि ती सोलरवाला कापून देतो का?

केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे ५ बसवा नाहीतर १०, आकडा तोच राहतो. पॅनेलची क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनेलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांत जी कमी, ती सबसिडीसाठी धरतात. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या कोटेशनवर त्यामुळे ७८,००० मिळणारच नाहीत, ७२,६०० मिळतील.

ही रक्कम काम पूर्ण होऊन, तपासणी होऊन, नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर पाठवलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागल्यावर तुमच्या बँक खात्यात येते. सोलरवाल्याच्या नाही. तेव्हा खिशातून किंवा कर्जातून आधी पूर्ण रक्कम जाणार, याची तयारी हवी. ‘सबसिडी आमच्याकडे लागली, तुम्ही उरलेलेच द्या’ असं कुणी म्हणालं, तर पैशांची सोय कशी लावणार आहात ते लेखी मागा.

महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्याची ‘स्मार्ट’ योजनाही आहे, वरून थोडी जास्त मदत देणारी. वापर कमी असेल तर महावितरणच्या कार्यालयात चौकशी करून मगच कोटेशन घ्या.

सरकारने काही भाव ठरवून दिलाय का?

सबसिडी ठरवताना एक आधारभूत दर धरला आहे: पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,०००. त्याचे अनुक्रमे ६० आणि ४० टक्के म्हणजे ३०,००० आणि १८,०००. त्या हिशोबाने ३ किलोवॅट १,४५,००० ला पडायला हवं. माझ्या सहा कोटेशनपैकी एकही त्या आकड्याच्या आसपास नव्हतं. घासाघीस करताना हा दर तोंडावर फेकण्यात अर्थ नाही. सोलरवाला नुसता हसतो.

डीसीआर आणि नॉन-डीसीआर ही काय भानगड आहे?

डीसीआर म्हणजे पॅनेलही भारतात जोडलेलं आणि त्यातले सेलही भारतातच बनलेले. सबसिडी हवी तर डीसीआरच लागतं. नॉन-डीसीआरमध्ये सेल बाहेरून आणलेले असतात, म्हणून ते स्वस्त पडतं. वीज तयार करण्यात ते काही कमअस्सल असतं असं नाही. फक्त सबसिडीला चालत नाही.

घोळ होतो तो इथेच. एका कोटेशनमध्ये डीसीआर आणि दुसऱ्यात नुसतं ‘टॉपकॉन बायफेशियल’ असं भारदस्त नाव असेल, तर दुसरं डीसीआर आहे की नाही हे लिहून घ्या. कंपनीचं नाव पुरत नाही, कारण एकच कंपनी दोन्ही प्रकार बनवते. मॉडेल नंबर मागा. आणि पॅनेल घरी आले की प्रत्येकाचा सिरियल नंबर डीसीआर यादीत पडताळून देण्याची जबाबदारी सोलरवाल्याची, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

जीएसटी किती धरायचा?

सोलरच्या पूर्ण कामात ७० टक्के रक्कम मालाची आणि ३० टक्के सेवेची धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावर ५ टक्के आणि सेवेवर १८ टक्के, मिळून ८.९ टक्के. त्याआधी मालावर १२ टक्के होते, तेव्हा एकूण १३.८ पडायचे. कुणाच्या छापील कोटेशनवर अजून १३.८ दिसत असेल, तर तो कागद जुना आहे.

आमच्या घराला किती किलोवॅट लागेल?

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा. आपल्याकडे १ किलोवॅटला वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. एप्रिल-मेमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. ३ किलोवॅट म्हणजे महिन्याला साधारण ३५०. सावली नसलेली जागा किलोवॅटमागे १०० चौरस फूट तरी लागते.

जास्तीचं बसवून वीज विकू, हा विचार डोक्यातून काढा. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात हे खरं. पण आर्थिक वर्ष संपताना जे उरतं त्याला मिळणारा दर तुम्ही विजेला मोजता त्या दराच्या जवळपासही नसतो. सोलरवाला ३ च्या जागी ५ सुचवतो तेव्हा त्याचं बिल वाढतं, सबसिडी मात्र तिथेच अडते. एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर खरंच येणार असेल तर गोष्ट वेगळी.

बिलावर ‘मंजूर भार’ही बघा. तो सोलरपेक्षा कमी असेल तर वाढवून घ्यावा लागतो. ती धावपळ आणि खर्च कुणाकडे, हे आधीच ठरवा.

स्ट्रक्चरवर एवढं का बोलतात लोक? शेवटी लोखंडच ना?

लोखंडच, पण २५ वर्षं गच्चीवर उघड्यावर उभं राहणारं. कोटेशनमधली खरी चलाखी बघायची असेल तर इथे बघा.

‘जीआय स्ट्रक्चर’, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं, असं सगळेच लिहितात. विचारायचं ते हे की हॉट डिप आहे का, जस्ताचा थर किती मायक्रॉन आणि पाईपची जाडी किती मिलिमीटर. हॉट डिपमध्ये तयार तुकडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. त्याचा थर ८० मायक्रॉनच्या घरात जातो. बाजारातला साधा जीआय पाईप म्हणजे पत्र्यालाच आधी दिलेला पातळ हात. नवा असताना दोन्ही सारखेच चकाकतात. कोकणात, गोव्यात खाऱ्या वाऱ्यावर तर दुसरा फार लवकर तांबडा पडतो.

जाडीचंही तसंच. २ मिलिमीटर सांगून १.६ चा पाईप आणला तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आमच्याकडे मी शेजारच्या फॅब्रिकेटरचा जाडी मोजायचा व्हर्नियर मागून आणला आणि माल टेम्पोतून उतरत असतानाच दोन पाईप मोजले. कारागीर जरा गोरामोरा झाला, पण त्यानंतर प्रत्येक गोष्ट दाखवून करायला लागला. याहून सोपी युक्ती म्हणजे स्ट्रक्चरचं वजन किलोत लिहून मागायचं. फॅब्रिकेटर लोक मनातल्या मनात किलोतच बोलतात, त्यामुळे खोटं सांगणं जड जातं.

गच्चीवर वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो. नट-बोल्टची जोडणी हवी, आणि नट-बोल्टही स्टेनलेस स्टीलचे.

उंचीचा खर्च वेगळा असतो. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालायचे, दोरीवर कपडे टाकायचे, तर पुढचे पाय निदान सहा फूट हवेत. उंची वाढली की वारा धरणारं अंग वाढतं आणि पायही तसेच जाड लागतात. वळवाच्या पावसाआधी सुटणारं वावटळ डोळ्यांसमोर आणा. आमच्या ओळखीत एका घरी उंच स्ट्रक्चरचे पाय स्लॅबला भोक पाडून फास्टनरने आवळले होते. वाऱ्यात ते हलले नाहीत, पण पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीत देवघराच्या वर ओल उतरली. सोलरवाला म्हणाला, स्लॅब आधीच जुना होता. पाय सिमेंटच्या ठोकळ्यात बसवणार की स्लॅब भेदणार, आणि भेदला तर गळतीची हमी किती वर्षं, ही ओळ कोटेशनमध्ये नसेल तर मी तरी सही करणार नाही.

गच्ची बघायला न येता फोनवर भाव देतात. चालेल?

अंदाजापुरता ऐकून घ्या. पक्का भाव गच्चीवर येऊन, टेप लावूनच. आणि तो माणूस पाण्याच्या टाकीकडे बघतो का, तेवढं बघा.

आमची पाहणी मे महिन्यात झाली. तेव्हा आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तर कराडला शून्य सावलीचा दिवस येतो. पाहायला आलेल्याने गच्चीभर नजर फिरवली आणि सावलीचा प्रश्नच नाही म्हणून सांगितलं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला, तेव्हा भर दुपारीसुद्धा पॅनेलपेक्षा पाच फूट उंच टाकीची सावली सव्वाचार फूट लांब पडायला लागली. तीन वाजल्यानंतर तर ती दोन पॅनेलवर आडवी पसरायची. आणि एका कोपऱ्यावर सावली पडली तरी एका तारेत ओवलेल्या बाकीच्या पॅनेलचं उत्पादनही घटू शकतं. टाकी हलवायला नंतर प्लंबरचा वेगळा खर्च झाला. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण १५ ते २० अंश, आणि डिसेंबरची सावली कुठवर येते ते मोजूनच जागा ठरवायची.

इन्व्हर्टर कोणता घ्यावा?

ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे तो. पॅनेलच्या क्षमतेची हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची ५ ते १०. म्हणजे पॅनेलच्या आयुष्यात इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागणार, असं धरून चाला. दोन कोटेशनमध्ये हमीचा ५ आणि १० वर्षांचा फरक असेल, तर नव्या इन्व्हर्टरची रक्कम कमी हमीच्या कोटेशनमध्ये जोडून मग तुलना करा.

सोलर असल्यावर लाईट गेली तरी घरात लाईट राहील ना?

नाही. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेली बिनबॅटरीची यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. भरदुपारी ऊन असताना पंखा बंद पडला की लोक चिडतात, कारण विकणाऱ्याने हे सांगितलेलंच नसतं. बॅटरीवाली हायब्रिड यंत्रणा हवी तर खर्च बराच वाढतो आणि बॅटरीला सबसिडी नाही. हायब्रिडचं कोटेशन ऑन-ग्रिडच्या शेजारी ठेवून ‘हा महाग आहे’ म्हणू नका.

अर्थिंगचे तीन खड्डे लागतातच का? आमच्या घराला अर्थिंग आहे.

लागतात. पॅनेलकडच्या डीसीचं एक, इन्व्हर्टरनंतरच्या एसीचं एक आणि पडणारी वीज जमिनीत उतरवायला लावतात त्या लायटनिंग अरेस्टरचं स्वतंत्र. स्वस्त कोटेशनमध्ये तिन्ही एकाच खड्ड्यात गुंडाळलेली असतात. खड्डे खणताना घरी थांबा.

गावातला ओळखीचा बरा की पुण्याची मोठी कंपनी?

माझा कल गावातल्याकडे, पण अटी घालून. तो पीएम सूर्यघर पोर्टलवर नोंदलेला हवा. नसेल तर सबसिडीचा विषयच संपला. त्याने दोन वर्षांपूर्वी बसवलेली दोन-तीन घरं बघायला मागा. नवी नकोत, नवं सगळंच छान दिसतं. त्या घरच्यांना एकच प्रश्न विचारा: इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला? योजनेत पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्यावरच असते, पण फोन उचलणारा माणूस पाच वर्षं टिकायला हवा. मोठ्या नावांचं कामही पुष्कळदा इथल्याच एखाद्या पोटकंत्राटदाराची पोरं करतात. तेव्हा ‘तुमच्याकडून माझ्या गच्चीवर कोण येणार?’ हे विचारायला लाजू नका.

मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे. ते वारले. चालेल का?

सगळ्यांत जास्त घरं इथे अडकतात. अर्ज वीज ग्राहकाच्या नावाने होतो आणि बँक खातंही त्याच नावाचं लागतं. आधी मीटर स्वतःच्या नावावर करून घ्या, मग कोटेशनच्या मागे लागा. ‘ते आम्ही मॅनेज करतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. सबसिडी अडली की धावायला तुम्हीच असता. नाव बदलताना स्पेलिंग आधार, बिल आणि पासबुक या तिन्हींवर सारखं आहे ना, ते पाहा.

पैसे कधी, किती द्यायचे?

मी तीन टप्पे ठरवले होते: थोडा अॅडव्हान्स, माल घरी उतरल्यावर मोठा हप्ता आणि नेट मीटर लागल्यावर शेवटचे १० टक्के. शेवटच्या हप्त्यावर दोघंजण अडून बसले. त्यांची कोटेशन मी तिथेच बाजूला ठेवली. सोलर बसून मीटर न लागल्याने पॅनेल महिना-महिना नुसतेच ऊन खात पडलेली घरं मी पाहिली आहेत. ते १० टक्के हातात असले की सोलरवाला महावितरणच्या कार्यालयात स्वतःहून खेटे घालतो.

कर्ज हवं असेल तर ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका रेपो दराच्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्या) अर्धा टक्का वर, तारण न घेता देतात. सोलरवाल्याच्या ‘झिरो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज किमतीतच मिसळलेलं असतं. त्याच माणसाकडून रोखीचा भाव मागून बघा, फरक लगेच दिसेल.

बिल खरंच शून्य येतं का?

शून्य नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. पण ज्यांचा वापर ३०० युनिटच्या वर आहे, त्यांचे आधी वरच्या, महागड्या टप्प्यातले युनिट कमी होतात, म्हणून फरक चांगला जाणवतो. महिन्याला ७०-८० युनिट वापरणाऱ्या घरात पैसे वसूल व्हायला फार वेळ लागतो. तिथे मी घाई करू नका असंच सांगतो.

धुवायचं कुणी?

आपणच. आमच्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पहाटे गच्चीवर काजळीचा थर बसतो. दोन आठवडे हात लावला नाही तर इन्व्हर्टरच्या ॲपवर आकडा उतरलेला दिसतो. ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसायचं. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात. ‘वर्षातून चार वेळा सफाई मोफत’ या ओळीला मी कोटेशनमध्ये फारशी किंमत देत नाही. उंच स्ट्रक्चर असेल तर मात्र वर चढायला शिडी आणि पाय ठेवायला पट्टी कामातच धरून घ्या.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. आमचं काय?

सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे. कोटेशन सोसायटीच्या नावाने घ्यायची आणि ठराव आधी करायचा. बाकी तुलनेची रीत तीच.

काम झाल्यावर कोणते कागद मागून घ्यायचे?

स्वतःच्या नावाचं जीएसटी बिल, पॅनेल आणि इन्व्हर्टरची वॉरंटी कार्डं, नेट मीटर बसवल्याचा अहवाल, वायरिंगचा आराखडा, आणि इन्व्हर्टरच्या ॲपचा पासवर्ड. हा शेवटचा हमखास सोलरवाल्याच्याच मोबाईलवर राहतो. पॅनेल वर चढवण्याआधी खाली भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, तेव्हाच प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा, सिरियल नंबर वाचता येईल असा. मी काढले नव्हते. नंतर डीसीआरच्या पडताळणीसाठी नंबर मागितले, तेव्हा गच्चीवर उताणा पडून, डोळ्यांवर ऊन घेत, मोबाईल वर धरून सहाही स्टिकर टिपावे लागले.